गेटपास संपला तेव्हा

पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या गळ्यात एक कार्ड लोंबत असते. त्यावर फोटो, नाव, ठेकेदाराचे नाव आणि मुदत. हाच त्याचा गेटपास. मुदत संपली की ‘ब्रेक’ मिळतो. काही दिवस खोलीवर बसायचे, ठेकेदाराच्या फोनची वाट पाहायची आणि नवे कार्ड घेऊन त्याच मशीनपुढे पुन्हा उभे राहायचे. कागदावर मात्र तो नवा माणूस.

2020च्या मार्चमध्ये या अख्ख्या औद्योगिक पट्ट्यालाच ब्रेक मिळाला. 9 मार्चला पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले, 23 तारखेला संचारबंदी आणि 25 पासून देशभर टाळेबंदी. पुढच्या महिन्यात मारुती सुझुकीची देशांतर्गत विक्री शून्य होती. एकही गाडी नाही! भोसरी, चिखली, तळवडे, चाकण इथल्या असंख्य शेडमध्ये कुठल्या ना कुठल्या गाडीचा एखादा भाग बनतो, तेव्हा त्या शून्याचा अर्थ इथे कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्यात वाहनधंदा आधीच आजारी होता. 2019-20 मध्ये प्रवासी गाड्यांची विक्री सुमारे 18 टक्क्यांनी घसरली होती, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही नवी प्रदूषण मानके लागू होणार म्हणून जुन्या गाड्यांचे उत्पादन आवरते घेतले जात होते, आणि ओव्हरटाइम कधीच आटला होता. कामगार महामारीत शिरला तो रिकाम्या खिशाने.

पण सगळ्यांचे नुकसान सारखे झाले नाही. कोणाच्या चुलीवर किती पाणी पडले, हे विषाणूने ठरवले नाही. ते ठरवले नोकरीच्या कागदाने. मोठ्या कारखान्यातल्या पर्मनंट माणसामागे युनियन होती, करार होता, रजा शिल्लक होत्या. त्याच्या खालोखाल कंत्राटी आणि ‘नीम’ योजनेतले ट्रेनी. हे ट्रेनी काम शिकाऊ नावाने करत, पण नियमाने कामगार गणलेच जात नसत. सर्वांत तळाशी जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शॉपमधला हेल्पर.

केंद्रीय गृहमंत्रालयाने 29 मार्चला आदेश काढला: टाळेबंदीच्या काळातले वेतन कपात न करता द्या. 18 मेपासून तो मागे घेतला गेला. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलणी करून मार्ग काढावा असे सांगितले. ज्याचा मालक कोण हेच वादात, त्याने बोलणी कोणाशी करायची? कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवणार, ठेकेदार कारखान्याच्या न आलेल्या बिलाकडे.

छोट्या मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. भोसरीतले नमुन्याचे शॉप डोळ्यांपुढे आणा: पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ड्रिलिंग, तीन-चार माणसे. मोठ्या व्हेंडरकडे तीन-तीन महिन्यांची बिले अडकलेली. बँकेचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलता आले, पण व्याज चढतच राहिले. विजेच्या स्थिर आकारालाही मुदत मिळाली, माफी नाही. कुलूप उघडले तेव्हा लेथच्या बेडवर कुलंट सुकून चिकटलेले आणि रॉडवर तांबूस गंज. पिंपरी-चिंचवड 19 मेच्या शासन आदेशाने रेड झोनमधून बाहेर पडले, पण शेड उघडल्या म्हणून ऑर्डर आल्या असे झाले नाही. गाडीची लाइन सुरू झाल्याशिवाय तिच्या बोल्टला गिऱ्हाईक नसते. बांगलादेशातल्या शिलाई कारखान्यांची गतही हीच झाली. परदेशी कंपन्यांनी तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डर रद्द केल्या किंवा थांबवल्या, आणि तो आघात शेवटी शिलाई मशीनवरच्या बाईपर्यंत जाऊन पोचला.

मदत आली. तिची चाळणी मात्र बघण्यासारखी आहे. शंभरपर्यंत कामगार आणि त्यातले नव्वद टक्के पंधरा हजारांच्या आत पगार घेणारे, अशा आस्थापनांचा मालक-कामगार दोघांचा मिळून 24 टक्के पीएफ केंद्राने भरला. खातेदाराला तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकीच्या 75 टक्के, यांपैकी जे कमी ते काढायची मुभा मिळाली. परंतु पीएफचा कायदा सक्तीने लागू होतो तो वीस माणसांपासून. चार माणसांच्या शॉपमधल्या हेल्परचा पीएफ कापलाच जात नव्हता, मग सरकार भरणार काय आणि तो काढणार काय? मदतीची सर्वाधिक गरज त्यालाच होती.

मग माणसे गावाकडे निघाली. बिहार-उत्तर प्रदेशातली 1 मेपासून सुटलेल्या श्रमिक गाड्यांनी. बीड, लातूर, नांदेडची मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघाले होते. गावी पोचलेल्यांपुढे रोजगार हमीचे काम होते, दिवसाला 238 रुपये. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्राने उभी केलेली ही योजना पुढे देशाचा कायदा झाली, आणि 2020-21 मध्ये देशभरात सुमारे 11 कोटी माणसांनी तिच्यावर काम केले. सीएनसी ऑपरेटरच्या हाती टिकाव आला तरी त्या मजुरीने चूल पेटली, हे विसरता येणार नाही.

साथीची आठवण इथे जुनी आहे. याच चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 1897 मध्ये प्लेगच्या काळात इंग्रज अधिकारी रँडला गोळी घातली. 2020 मध्ये वापरला गेलेला साथरोग कायदाही त्याच सालचा. त्या प्लेगमध्ये मुंबईतले गिरणी कामगार पळाले तेव्हा मालकांना उरलेल्या मजुरांसाठी चढाओढ करावी लागली, महिनोन्महिने अडकवून ठेवायची मजुरी रोजच्या रोज मोजावी लागली. भोंगा चालू होता आणि माणूस नव्हता, म्हणून. 2020 मध्ये भोंगाच बंद होता, त्यामुळे मजुराच्या हाती काहीच उरले नाही.

बायकांचे हाल आणखी वेगळे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2021च्या अहवालानुसार टाळेबंदीत काम गमावून वर्षअखेरपर्यंत ते परत न मिळालेल्या पुरुषांचे प्रमाण 7 टक्के होते. स्त्रियांचे 47 टक्के. शाळा बंद, मुले घरात, सोसायट्यांची फाटके मोलकरणींना बंद. ज्यांना काम परत मिळाले त्यांनाही जुनी कमाई मिळाली असे नाही. कर्ज, गहाण पडलेले मंगळसूत्र, अर्ध्यावर सुटलेला मुलीचा डिप्लोमा यांची नोंद बेरोजगारीच्या टक्केवारीत होत नाही.

सावरत असतानाच दुसरी लाट आली. रुग्णांसाठी प्राणवायू हवा म्हणून 22 एप्रिल 2021 पासून काही ठरावीक उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवण्यात आला. निर्णय योग्यच होता, जीव आधी. पण गॅस कटिंगवर जगणाऱ्या फॅब्रिकेशन शॉपमधली रोजंदारी त्या दिवशी पुन्हा बुडाली आणि तिची भरपाई कोणी दिली नाही. बांधकाम मजूर, घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालकांना राज्याने 1,500 रुपये जाहीर केले होते. शॉपमधला हेल्पर त्या यादीत नव्हता.

14 सप्टेंबर 2020 रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितले की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले याची आकडेवारी उपलब्ध नाही. नोंद नसेल तर मदतही पोचत नाही. नोंद ठेवण्याची वाट महाराष्ट्राला 1969 पासून माहीत आहे. माथाडी कायद्यात हमालाचा मालक रोज बदलला तरी त्याचे नाव मंडळाच्या दप्तरी राहते, मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे जमा होते, त्यातून पीएफ आणि दवाखाना चालतो. चाकण-भोसरीच्या कंत्राटी कामगारांसाठी आणि छोट्या शॉपमधल्या हेल्परसाठी असे मंडळ राज्य सरकारने पुढची साथ येण्याआधी उभे करावे.