छिन्नी, हातोडा आणि डोळा

पावसाळा सरला की आपल्या उपनगरांतही गवत कापण्याची घाई उडते. मोठी मैदाने, कारखान्यांची आवारे, मोकळ्या जमिनी, जिकडे तिकडे कमरेएवढे गवत माजलेले असते. एवढे गवत विळ्याने निघत नाही. तेथे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे फिरत्या पात्यांचे यंत्र लागते. गावाकडे ज्यांनी रोटाव्हेटर पाहिला आहे त्यांना याची कल्पना चटकन येईल. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टची फिरकी गिअरबॉक्समध्ये येते, तेथून एक उभा दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाला, जाड पत्र्याच्या छपराखाली, जड पाती गरगर फिरतात. ओले गवत, चिखल, शेण सगळे त्या छपराखाली चिकटून राहते. यंत्र न धुता तसेच उभे केले की गंज चढतो. पुढे पाती किंवा गिअरबॉक्सचे सील बदलायचे म्हटले की खालचा मोठा नट जागचा हलत नाही. नट निघालाच तर पात्यांची थाळी दांड्याला घट्ट धरून बसलेली असते. मग छिन्नी-हातोडा बाहेर निघतो, आणि डॉक्टरचा संबंध येथून सुरू होतो.

अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर, साकीनाका आणि असल्फाच्या बाजूला, लहान वर्कशॉपे दाटीने उभी आहेत. जाम झालेली कोणतीही वस्तू तेथे उघडून मिळते. कारागिरांच्या हातात कसब आहे यात शंका नाही. पण गॉगल बहुधा खिळ्याला टांगलेला असतो! माझ्या दवाखान्यात यांच्यापैकी कोणी आला की तक्रार एकच असते, "डॉक्टर, डोळ्यात कचरा गेलाय." मी आधी विचारतो, "कचरा गेला तेव्हा काय करत होता? लोखंडावर लोखंड आपटत होता का?" उत्तर 'हो' असेल तर तो कचरा नव्हे, असे धरूनच मी पुढे चालतो.

असे का, ते समजून घेऊ. हातोड्याचे तोंड कडक पोलादाचे असते, यंत्राचा दांडाही कडक केलेला असतो. दोन कडक वस्तू एकमेकींवर जोराने आदळल्या की एखादीची कपची उडते. ठोकून ठोकून छिन्नीचे डोके अळंबीच्या छत्रीसारखे पसरते, त्या पसरलेल्या कडा तर सुटून उडण्याच्या तयारीतच असतात. कपची तांदळाच्या कणीएवढी किंवा त्याहूनही बारीक असते, पण वेग इतका की ती बुबुळ भेदून थेट डोळ्याच्या आत जाते. भोक इतके लहान की ते लगेच मिटल्यासारखे होते. दुखते, पण थोडेच. चार थेंब पाणी येते, थोडी लाली येते आणि पुष्कळदा त्या दिवशी दिसतेही स्वच्छ. यामुळेच माणूस फसतो. डोळ्याच्या पृष्ठभागावर बसलेला धुळीचा कण भयंकर खुपतो आणि आत शिरलेले लोखंड गप्प बसते, हे लोकांना सांगून पटत नाही.

आत राहिलेले लोखंड दोन तऱ्हांनी डोळा घालवते. पहिली तऱ्हा झटपट. गवताच्या यंत्राच्या कपचीबरोबर माती आत जाते आणि मातीतले काही जंतू इतके जहाल असतात की एक-दोन दिवसांत डोळ्यात पू होऊन दृष्टी कायमची जाते. वर्कशॉपमध्ये नव्या लोखंडावर काम करणाऱ्यापेक्षा शेतीचे अवजार ठोकणाऱ्याला हा धोका अधिक. दुसरी तऱ्हा संथ. लोखंड डोळ्यातल्या पाण्यात हळूहळू विरघळते, त्याचा गंज भिंगात आणि मागच्या पडद्यात मुरतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रात्रीचे दिसणे कमी होते, मोतीबिंदू येतो, एका डोळ्याचा रंग तपकिरी होतो. तोपर्यंत पडदा निकामी होत आलेला असतो. आणि तेव्हा रुग्णाला तो हातोड्याचा दिवस आठवतही नाही.

क्वचित असेही घडते की जखमी डोळ्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि चांगल्या डोळ्यालाही सूज येते. अंधांची लिपी देणारे फ्रान्सचे लुई ब्रेल (जन्म १८०९) तीन वर्षांचे असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात त्यांच्या एका डोळ्याला आरी लागली. पुढे दुसराही डोळा गेला.

तेव्हा ठोकताना डोळ्यात काहीतरी टोचल्यासारखे झाले तर डोळा चोळू नका. काडीपेटीची काडी, रुमालाचे टोक, शेजारच्या दुकानातला 'कचरा काढणारा' यांच्यापासून दूर राहा. मध, गुलाबपाणी, घरात पडलेले जुने थेंब यांतले काही घालू नका. तिखट, चुना किंवा ॲसिड गेले तर डोळा भरपूर पाण्याने धुवायचा असतो, पण भेदून गेलेल्या कपचीसाठी पाण्याचे फवारे मारू नयेत. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर झाकणासारखा ठेवा आणि चिकटपट्टीने हलकेच बसवा. दाब मुळीच नको. काही अडकलेले दिसले तरी ओढू नका. धीर यावा म्हणून आपल्याकडे आधी चहा पाजतात, तोही नको, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. मग सरळ मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात जा. पूर्व उपनगरांतल्यांना शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, पश्चिमेकडच्यांना कूपर. तेथे पोचल्यावर 'लोखंड ठोकत होतो' हे शब्द आवर्जून सांगा, म्हणजे एक्स-रे किंवा सी.टी. स्कॅन लगेच होईल. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्या.

कपची काढता येते. सतराव्या शतकात स्वित्झर्लंडमधले शल्यवैद्य फाब्री यांच्या पत्नी मारी कोलिने यांना लोहचुंबक डोळ्याजवळ धरून पोलादाचा कण बाहेर ओढण्याची युक्ती सुचली, आणि त्याचे श्रेय खुद्द पतीने लिहून ठेवले. आज सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया होते, तरी चुंबक अजून हाताशी असतोच. फक्त वेळेवर पोचले पाहिजे.

आता ठोकण्याविषयीच थोडे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३५ व्या कलमाने कण उडण्याच्या कामात गॉगल किंवा पडदा पुरवण्याचे बंधन मालकावर घातले होते. पण विजेवर चालणाऱ्या वर्कशॉपात दहापेक्षा कमी माणसे असली तर तो कायदा सहसा लागूच होत नसे. आपल्याकडची वर्कशॉपे तीन-चार माणसांची! म्हणून कायद्याकडे न पाहता, बाजूंनी बंद असलेला पॉलीकार्बोनेटचा गॉगल घ्यावा. साधा चष्मा चालत नाही. काम पाहत शेजारी उभ्या राहणाऱ्या पोरालाही गॉगल द्या किंवा त्याला लांब पाठवा, कपची माणूस ओळखत नाही.

माझ्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींचे म्हणणे असे की जाम नटाला रात्र द्यावी. गंज सोडवणारे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी नट आधी किंचित घट्ट करून मग सैल करावा. थाळी काढायला पुलर लावावा, तो ताणून ठेवून मग टिचकी मारावी. मात्र पुलरच्या समोर उभे राहू नये. ठोकायचेच तर मध्ये पितळेचा तुकडा धरावा, पितळ मऊ असल्याने पोलादाची कपची उडण्याचा संभव कमी होतो. मला हे वैद्यकीय सल्ल्याइतकेच मोलाचे वाटते.

बाकीचे धोके उघड आहेत, पण माणसे त्यांनीही मरतात. ट्रॅक्टर बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. पाती लगेच थांबत नाहीत, ती थांबलेली डोळ्यांनी पाहावीत. मागचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गमछा किंवा सदऱ्याची बाही अडकली तर 'थांबव' म्हणायलाही वेळ मिळत नाही. यंत्र केवळ हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली शिरू नये, भक्कम लाकडी ठोकळे किंवा घोड्या लावाव्यात, विटा नव्हेत. तेलाने भरलेल्या बंद गिअरबॉक्सवर गॅसची ज्योत धरू नये.

ज्यांनी पूर्वी अशी कामे केली आहेत आणि आता सोडली आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवावे. पुढे कधी कंबर किंवा मेंदूसाठी एम.आर.आय. सांगितला, तर 'डोळ्याला कधी लोखंड लागले होते का' या प्रश्नाला घाईने 'नाही' म्हणू नका. त्या यंत्राचे चुंबकत्व प्रचंड असते. वीस वर्षांपूर्वीची विसरलेली कपची तेथे आत हलू शकते. शंका असेल तर तसे सांगा, डोळ्यांचा साधा एक्स-रे आधी काढून घेतात.