बारा जागांचं गणित

संघनिवड : सेव्हन्स आणि पंधरांची रग्बी

२०२५ मध्ये सुरू झालेल्या रग्बी प्रीमियर लीगच्या सहा संघांत बेंगळूरु ब्रेव्हहार्ट्स होता. त्या वर्षी सामने मात्र सगळे मुंबईत, अंधेरीला झाले. लीग गाजवणाऱ्याला थेट भारतीय संघात घ्यावं, हा आग्रह स्वाभाविक, पण अपुरा. लीगचा सामना १६ मिनिटांचा, चार-चार मिनिटांच्या चार भागांत. आंतरराष्ट्रीय सेव्हन्समध्ये सात-सात मिनिटांचे दोन भाग. सलग सात मिनिटं धावून टॅकल करणं ही वेगळीच परीक्षा. शिवाय लीगमध्ये परदेशी खेळाडू सोबतीला असतात, राष्ट्रीय संघात नसतात.

सेव्हन्सच्या संघात जागा बाराच : सात मैदानात, पाच राखीव. स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकते, दिवसाला दोन-तीन सामनेही होतात. म्हणून दोन-तीन जागी खेळू शकणारा खेळाडू मोलाचा. मग एकाच जागेच्या तज्ज्ञांचं काय? त्यांची खरी गरज पंधरांच्या रग्बीत. तिथे स्क्रममध्ये प्रत्येकी आठजण भिडतात, सेव्हन्समध्ये तीनच. सामन्यासाठी २३ जणांचा संघ असेल, तर त्यात स्क्रमच्या पुढच्या फळीत खेळू शकणारे किमान सहा लागतात. हा सुरक्षेचा नियम आहे. तिथे निवड समितीच्या पसंतीला वाव नाही.