विनोबा चालत गेले म्हणून

१९५१ च्या वसंतात हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरणार होते आणि विनोबांच्या मनात तिथे जायचे नव्हते. पवनारच्या आश्रमात पैशाशिवाय जगण्याचा त्यांचा प्रयोग नुकताच कुठे रुजत होता. सहकाऱ्यांचा आग्रह मोडवेना, तेव्हा ते म्हणाले, येतो. पण चालत येतो. अंतर सुमारे तीनशे मैल. वय पंचावन्न, पोटात जुना अल्सर, आहार दूध-दह्याचा. रेल्वेने एका रात्रीत संपणाऱ्या प्रवासाला त्यांनी जवळपास महिना दिला.

पुढे जे घडले ते या एका निर्णयामुळे घडले, असे माझे मत आहे. भूदानाचा, म्हणजे भूमिहीनांसाठी स्वेच्छेने जमीन मागण्या-देण्याच्या चळवळीचा, इतिहास सांगताना विनोबांची करुणा, त्यांचे गीताचिंतन, गांधीजींचा वारसा या सगळ्याची नोंद होते. पायांची मात्र होत नाही.

संमेलन संपले तेव्हा तेलंगणात जमिनीसाठी सशस्त्र लढा चालू होता. गावांवर एकीकडून बंडखोरांची आणि दुसरीकडून पोलिसांची दहशत होती. १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, विनोबा हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांना भेटले आणि मग याच भागातून पायी निघाले. १८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत पोचले. तिथल्या दलित वस्तीतल्या चाळीस कुटुंबांनी सांगितले, आम्हाला जमीन हवी. किती? ऐंशी एकर.

विनोबांचे पहिले उत्तर कुणाही पुढाऱ्याने दिले असते तेच होते : अर्ज लिहून द्या, सरकारकडे पाठवू. गाडीतून आलेला माणूस हे उत्तर देतो, अर्ज घेतो आणि पुढच्या गावाला निघतो. त्याच्या मनात खोट असते असे नव्हे, त्याला पुढे पोचायचे असते. पायी आलेल्याचा मुक्काम त्याच गावात असतो. जमीन मागणारे आणि जमीन असणारे, दोघेही त्याच्यासमोर असतात. विनोबांनी तोच प्रश्न त्याच दिवशी जमलेल्या गावकऱ्यांपुढे ठेवला आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहून म्हणाले, मी शंभर एकर देतो. त्या रात्री आपल्याला झोप लागली नाही, असे विनोबांनी पुढे सांगितले आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावोगाव जमीन मागायला सुरुवात केली. पावसाळ्यापूर्वी तेलंगणातून सुमारे बारा हजार एकर जमीन जाहीर झाली होती. पवनारहून निघताना यातले काहीच ठरलेले नव्हते.

चालताना सुचते, हा अनुभव पुष्कळांचा आहे आणि त्याची तपासणीही झालेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना रोजच्या वापरातल्या एखाद्या वस्तूचे वेगळे उपयोग सुचवायला सांगितले होते. बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना बरेच जास्त उपयोग सुचले. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही तसाच फायदा झाला. म्हणजे निसर्गशोभा दुय्यम, चालणेच मुख्य. मात्र ज्या कोड्याचे एकच अचूक उत्तर असते, तिथे चालण्याचा उपयोग झाला नाही, उलट कामगिरी किंचित घसरली. चालणे मनाला फाटे फोडते, हिशेब जुळवायला बसावेच लागते. हे मला पटते. पण पोचमपल्लीचा उलगडा एवढ्याने होत नाही. विनोबांना एकट्याने चालताना काही सुचले नव्हते. चालत आल्यामुळे ते अशा जागी पोचले होते, जिथे आपले तयार उत्तर अपुरे आहे हे टाळता येत नव्हते. भिंतीकडे तोंड करून चालल्याने कल्पना सुचेल, पण दृष्टी बदलायला माणसे लागतात.

ही सवय त्यांना तरुणपणीच लागली होती. १९१७ मध्ये गांधीजींची वर्षभराची रजा घेऊन ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शिकायला आले आणि त्या काळात महाराष्ट्रात सुमारे चारशे मैल पायी फिरले. किल्ले पाहिले, गावांमधून गीतेवर प्रवचने दिली. आपल्याकडे चालण्याचे संस्कार वारीने केलेले आहेत. वारीचा मार्ग आणि मुक्काम पिढ्यान् पिढ्या ठरलेले असतात आणि तेच तिचे बळ आहे. विनोबांची पदयात्रा याच मातीतली, पण तिला पंढरपूर नव्हते. पुढचा मुक्काम ठरलेला असे. पुढचे काम काय, ते रस्ता सांगे.

आणि रस्त्याने त्यांना बदलायलाही लावले. सप्टेंबर १९५१ मध्ये ते पवनारहून दिल्लीला चालत गेले, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, दक्षिण. पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात निघायचे, ज्यांना बोलायचे असेल त्यांनी सोबत चालत बोलायचे. सुरुवातीला ते जमिनीचा सहावा हिस्सा मागत : तुम्हाला पाच मुलगे असतील, तर मला सहावा समजा. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावाने जवळजवळ सगळीच जमीन देऊ केली आणि भूदानातून ग्रामदान निघाले. तीही कल्पना आश्रमात बसून आखलेली नव्हती.

याच पदयात्रेत, १९५३ मध्ये, देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात दलितांसह जाताना पंड्यांनी त्यांना मारहाण केली. पाच वर्षांनी, मे १९५८ मध्ये, ते पंढरपुरात होते. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणाने विठ्ठलाचे देऊळ दलितांसाठी उघडले होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीताप्रवचने लिहून घेणारे तेच गुरुजी. आता विनोबांसोबत मुसलमान आणि ख्रिस्ती सहकारीही होते आणि ते सगळे मिळून विठ्ठलापुढे उभे राहिले. या साऱ्या कहाणीत मराठी माणसाने सर्वांत जपून ठेवावा असा दिवस मला हा वाटतो.

चालण्यात नेमके काय असते, हे विनोबांना किती स्पष्ट दिसत होते याचा पुरावा १९६२ मधला आहे. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला चालत जायला निघाले. विनोबांनी त्यांना सल्ला दिला : बरोबर पैसे घेऊ नका. वरवर हा सल्ला कठोर वाटतो. पण खिशात पैसे असले, की दिवसभर चालून दमलेला माणूस संध्याकाळी खानावळ शोधतो, जेवतो, झोपतो, सकाळी निघतो. कुणाशी बोलायची गरजच पडत नाही. पैसे नसले, की दार ठोठावावे लागते. दार उघडणारा विचारतो, कुठून आलात, कशासाठी निघालात? तिथून संभाषण सुरू होते. दोघांनी हा सल्ला पाळला आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण असे देश अनोळखी माणसांच्या घरी जेवत पार केले. त्याच वर्षी सप्टेंबरात विनोबा स्वतः पूर्व पाकिस्तानातून चालत गेले आणि तिथेही लोकांनी त्यांना जमीन दिली.

एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले. एकूण सुमारे बेचाळीस लाख एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. त्यातली बरीच खडकाळ होती, बरीच वादात अडकलेली, आणि मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही. देणाऱ्याचे मन वळवण्याइतका वेळ विनोबांच्या पायांकडे होता. सात-बारा, मोजणी, ताबा यांसाठी मागे थांबणारी माणसे पुरेशी नव्हती. हा दोष मान्य करूनच त्या पदयात्रेकडे पाहायला हवे.

पुढच्या टप्प्यात वेगच बदलला. १९६५ पासून बिहारात ग्रामदानाचे 'तुफान' सुरू झाले. प्रकृतीमुळे विनोबा आता मोटारीने फिरत होते. ग्रामदानाच्या अटी सैल करून त्याला 'सुलभ ग्रामदान' म्हटले गेले : मालकी ग्रामसभेच्या नावे, विसावा हिस्सा भूमिहीनांना, बाकी जमीन देणाऱ्याच्याच ताब्यात. कार्यकर्ते सह्या गोळा करत. आधी गावे, मग प्रखंड म्हणजे तालुक्यासारखे विभाग, मग जिल्हे जाहीर होऊ लागले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये राजगीरच्या संमेलनात सगळ्या बिहारचे दान झाल्याची घोषणा झाली. अठरा वर्षांपूर्वी एका गावात एक माणूस उभा राहिला होता, आता एका राज्याचा आकडा उभा राहिला.

जून १९७० मध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या मुसहरी प्रखंडात सर्वोदय कार्यकर्त्यांना नक्षलवाद्यांच्या धमक्या आल्या, तेव्हा जयप्रकाश नारायण तिथे जाऊन राहिले. कागदावर ग्रामदान झालेल्या त्या गावांत भूमिहीनांच्या हाती फारसे काही आलेले नाही, हे त्यांनी पाहिले आणि तसे लिहिलेही. मग त्यांनी तिथेच मुक्काम ठोकला आणि एकेका गावात, एकेका घरी जाऊन विसाव्या हिश्श्याची जमीन मागायला पहिल्यापासून सुरुवात केली.