टाचण्या निघतात, वीण राहते

मैत्रिणींनो, परकराला लावायची लेस आपण दुकानातून मीटरवर आणतो. युरोपात स्लोव्हेनिया देशातल्या इद्रिया गावी मात्र बायका ती पिढ्यान्‌पिढ्या हाताने विणत आल्या आहेत. गाव पाऱ्याच्या खाणीचं. नवऱ्याच्या पगारात घर भागेना, तेव्हा या लेसच्या पैशांचा आधार व्हायचा.

साहित्य अगदी साधं! गोल लोड, त्यावर नक्षीचा कागद, टाचण्या आणि बॉबिन. ही बॉबिन शिलाई मशीनमधली नव्हे बरं का, तर दोरा गुंडाळलेली बारीक लाकडी दांडी. बॉबिन कायम जोडीने वापरायच्या. दोन जोड्या घेऊन मधले दोरे एकमेकांवरून न्यायचे, मग प्रत्येक जोडीला पीळ द्यायचा. वेणी घालतो ना, तसंच काहीसं. नक्षी वळते तिथे टाचणी टोचायची, म्हणजे दोरा जागचा हलत नाही. शेवटी सगळ्या टाचण्या काढल्या तरी वीण सुटत नाही.

१८७६ मध्ये तिथे लेसची शाळा निघाली, ती आजही चालू आहे. खाण बंद पडली, पण लेस टिकली. २०१८ मध्ये युनेस्कोने स्लोव्हेनियातल्या या कलेला मानवतेच्या वारशाच्या यादीत स्थान दिलं.

बचत गटाच्या कामात मी नेहमी बघते, आपल्या बायका भाव सांगताना दोऱ्याचा खर्च धरतात, स्वतःचे तास धरतच नाहीत. हातात काम घेतलं की वेळ वहीत लिहा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, की ती वही पुढे करा!