आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे

‘रेड’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला पोलीसच आठवले. साल २०१६. आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक चालू होती. नवा सर्व्हर घ्यायचा होता. संगणकाचं काम पाहणारा तरुण माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘चाचा, चार डिस्क मिळतायत. रेड कोणती लावू?’’ मी म्हटलं, ‘‘बाबा रे, वाचनालयावर धाड कशाला?’’ सगळे हसले. त्या हशात एक महत्त्वाचा प्रश्न वाहून गेला आणि त्याची किंमत आम्ही तीन वर्षांनी मोजली. आज त्या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे. मी कविता लिहिणारा माणूस. यंत्राचा जाणकार नाही. पण ठेच लागली म्हणून शिकलो, आणि शिकलेलं सांगावंसं वाटतं.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा संगणक लागे. आता एका दणकट यंत्राच्या पोटात चार-पाच संगणक नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एखाद्या जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत तसं हे. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी. आमच्या वाड्यातलं पहिलं बिऱ्हाड पुस्तकांच्या यादीचं, दुसरं वर्गणीच्या हिशेबाचं, तिसरं जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांचं आणि ध्वनिमुद्रणांचं. पण वाड्याला आड मात्र एकच. तो आड म्हणजे साठवणुकीच्या डिस्क. आड आटला की चारही घरं एकदम तहानेली. म्हणूनच अशा सर्व्हरवर डिस्कची मांडणी कशी करायची, हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवावा लागतो.

डिस्क आज ना उद्या बिघडणारच. यावर १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या लहान डिस्क एकत्र जुंपाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. पण डिस्कची संख्या वाढली की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून थोडी माहिती मुद्दाम जास्तीची लिहून ठेवावी. ‘रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ या नावाच्या आद्याक्षरांतून ‘रेड’ हा शब्द आला. काव्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष मानतात. इथे तोच गुण ठरतो.

आता रेडचे प्रकार पाहू. आमच्याकडच्या प्रत्येक डिस्कची जागा चार टेराबाइट होती, म्हणजे चार डिस्क मिळून १६. ‘रेड शून्य’मध्ये माहितीचे तुकडे करून ते चारही डिस्कवर वाटतात. वेग भरपूर, जागा पूर्ण १६. पण एक डिस्क गेली की सगळं गेलं. याच्या नावात रेड असलं तरी रक्षण काहीच नाही.

‘रेड एक’ म्हणजे आरसा. एका डिस्कवर जे लिहिलं तेच त्याच क्षणी दुसरीवर. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात इमाम कुराण मुखोद्गत म्हणतात. त्यांच्या मागे दुसरा हाफिज उभा असतो. इमाम अडखळले तर तो लगेच पुढचा शब्द देतो. त्याला आम्ही लुकमा देणं म्हणतो. नमाज थांबत नाही. आरशाचं काम असंच चालतं.

‘रेड पाच’ ही हिशेबाची करामत आहे. समजा तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज लिहा, २०. आता ४ असलेली डिस्क बिघडली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करा. हरवलेला ४ परत मिळतो. संगणक प्रत्यक्षात बेरीज न करता सम-विषमाची खूण ठेवतो आणि ती खूण आळीपाळीनं सगळ्या डिस्कवर लिहितो. पण तत्त्व हेच. एका डिस्कची जागा खुणेसाठी जाते, १२ टेराबाइट उरतात. ‘रेड सहा’मध्ये अशा दोन खुणा असतात, कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं, जागा उरते आठ. ‘रेड दहा’ म्हणजे आरशांच्या जोड्या लावून त्यांच्यावर माहिती वाटणं. इथेही जागा आठच.

आमच्या मुलानं रेड दहा सुचवली होती. एकाच सर्व्हरवर अनेक बिऱ्हाडं असली की ती सारखं काहीतरी थोडं थोडं, इथेतिथे लिहीत असतात. रेड पाचमध्ये असा एक लहानसा बदल करायचा तर जुनी माहिती वाचा, जुनी खूण वाचा, नवी माहिती लिहा, नवी खूण लिहा, अशी चार कामं होतात. रेड सहामध्ये सहा. रेड दहामध्ये फक्त दोन डिस्कवर लिहायचं. त्यानं हे सगळं समजावलं. पण मी विचारलं, ‘‘बारा मिळत असताना आठ कशाला घ्यायचे?’’ वाचनालयाचे पैसे वर्गणीतून आलेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. रेड पाच लागली.

२०१९ साली एक डिस्क गेली. सर्व्हर चालूच राहिला, रेडचं कामच ते. बिघाडाची सूचना ई-मेलनं गेली, पण ती नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या पत्त्यावर. कपाटातला लाल दिवा कुणी पाहिला नाही. लक्षात आलं तोवर दोन महिने लोटले होते. नवी डिस्क बसवली. आता हरवलेली माहिती पुन्हा मांडायची, तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात. एवढ्या मोठ्या डिस्कला यासाठी आठ-दहा तास सहज लागतात, सर्व्हर कामात असला तर दिवसही. तिन्ही डिस्क एकाच वयाच्या, एकाच खेपेतल्या, तितक्याच झिजलेल्या. त्या श्रमात दुसरी गेली. दोन आकडे हरवले आणि बेरीज एकच असली, तर गणित सुटत नाही.

यादी पुन्हा करता आली. हिशेब कागदावर होते. जुने अंक पुन्हा स्कॅन केले. पण माझ्या चाळीस कॅसेटी त्यातच होत्या. १९९०च्या दशकात मी आमच्या मोहल्ल्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. माझी फुफी घरात दखनी बोलायची, पण जात्यावर बसली की तिला ओव्या मराठीतच सुचत. कॅसेटींना बुरशी लागली होती. संगणकात उतरवून झाल्यावर मीच त्या टाकून दिल्या. म्हटलं, आता चिंता नाही, रेड आहे. डिस्क दुरुस्त करणाऱ्यांकडे पाठवल्या, हाती काही लागलं नाही. भाचीच्या पेनड्राइव्हवर अकरा कॅसेटींचं ध्वनिमुद्रण निघालं. फुफीचं त्यात नव्हतं.

त्यानंतरच्या सर्व्हरच्या वेळी मी त्या मुलाशेजारी खुर्ची घेऊन बसलो. त्यानं दोन लहान डिस्कचा एक आरसा केला; त्यावर फक्त वाड्याची, म्हणजे मूळ यंत्राची, व्यवस्था. चार मोठ्या डिस्कची रेड दहा केली, आणि तिचे व्हॉल्यूम म्हणजे वेगळे कप्पे पाडले. एक व्हर्च्युअल मशीनसाठी, एक स्कॅन आणि आवाजासाठी. कप्पे वेगळे असले की एकाचा पसारा दुसऱ्याच्या अंगणात जात नाही. एक डिस्क राखीव ठेवली. एखादी बिघडली की ती आपोआप कामाला लागते. डिस्क वेगवेगळ्या खेपांतल्या घेतल्या. सूचना आता तिघांच्या मोबाइलवर येते.

एक मोह त्यानं टाळला. आठ टेराबाइट असताना तीन बिऱ्हाडांना प्रत्येकी चार देतो म्हणून सांगता येतं. कुणी पूर्ण वापरत नाही तोवर खपतं. तीनशे जणांना जेवायला बोलवायचं आणि दोनशे पानांचा स्वयंपाक करायचा, तसं हे. सगळे एकदम आले की पंगत अडते. इथे जागा संपली की व्हर्च्युअल मशीन जागच्या जागी थांबतात.

मग त्यानं कार्यकारिणीसमोर चालू सर्व्हरमधून एक डिस्क ओढून काढली. काही बिघडलं नाही. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, ‘‘आता एक फाइल पुसून टाक.’’ त्यानं पुसली. ती आरशाच्या दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी गेली. इमामांच्या मागचा हाफिज चूक दुरुस्त करतो; आरशातली डिस्क चूकही इमानानं उतरवून घेते. डिस्क बिघडली तर रेड वाचवते. चुकीचा हात, व्हायरस, आग, चोरी, पाणी यांपासून ती वाचवत नाही. ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवला तरी तो त्याच डिस्कवर असतो. आड गेला तर तोही गेला.

म्हणून जाणकारांचा साधा नियम आहे : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. आमची तिसरी प्रत आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत असते. शिवाय ती प्रत उघडते का, हेही पाहावं लागतं. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली पिक्सारमध्ये एका चुकीच्या आज्ञेनं पुसल्या गेल्या आणि राखीव प्रती निकामी निघाल्या. गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाई बाळंतपणानंतर घरून काम करत, त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीनं काम वाचलं. आमच्या भाचीच्या पेनड्राइव्हसारखंच.

तुमच्या पतसंस्थेत, शाळेत, दवाखान्यात असा सर्व्हर असेल, तर दोन प्रश्न विचारा. डिस्क बिघडली तर कुणाला कळेल? आणि आज फाइल पुसली गेली तर ती कुठून परत येईल? उत्तर फक्त ‘रेड आहे’ एवढंच आलं, तर पुन्हा विचारा. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेतल्या प्रतीतून एक फाइल परत आणून पाहतो. कोणती आणायची, ते मुलगा मला विचारतो. मी त्या अकरांपैकी एक सांगतो. ती आम्ही पूर्ण ऐकतो, मग वहीत तारीख लिहितो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)