सायकलची सीट किती उंच हवी?



ठाकूरद्वारच्या गल्लीत संध्याकाळी मुलं सायकल चालवतात. बरीच मुलं गुडघे पार पोटाशी आणून पायडल मारताना दिसतात. पालक म्हणतात, "दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत!" तोल शिकेपर्यंत हे अगदी बरोबर. पण नंतरही सीट तिथेच राहते, मूल मात्र वाढत असतं. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो, त्यावर ताण येतो, मूल लवकर दमतं.

मग उंची कशी ठरवायची?

१) सायकल घट्ट धरा. बूट घातलेल्या मुलाला सीटवर बसवा.

२) एक पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवायला सांगा. पाय सरळ झाला आणि कंबर एका बाजूला कलली नाही, की उंची जमली.

३) चालवताना टाच नाही, चवडा पायडलवर ठेवायचा. आता गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहील. कंबर डुलत असेल तर सीट किंचित खाली घ्या.

४) सीटच्या दांड्यावर मर्यादेची खूण असते. ती बाहेर दिसता कामा नये, नाहीतर दांडा निसटू शकतो.

या उंचीवर बसल्या बसल्या तळवे पूर्ण टेकणार नाहीत. म्हणून सीट एकदम चढवू नका, थोडी थोडी वर घ्या. ब्रेक लावून सीटवरून पुढे उतरायची आणि एक पाय टेकायची सवय आधी मोकळ्या जागेत करून घ्या.

दर तीन महिन्यांनी मुलाची उंची मोजता ना? त्याच दिवशी सीटही तपासा.