बांधलेलं इंजिन चालू होईना, तेव्हा

तेर गावच्या शिवारात विजेचे पंप आता जिकडेतिकडे आहेत, पण जुन्या विहिरींवर एखादं डिझेल इंजिन अजून राखून ठेवलेलं असतं. हरभऱ्याच्या पाण्याची वेळ आणि लाइटची वेळ जुळली नाही की त्याची आठवण होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात सुरू झाली. पुढच्या काही दशकांत खेड्यापाड्यांतल्या विहिरींवर अशा इंजिनांनी मोटेची जागा घेतली.

मी पाहिलं ते इंजिन पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं. ऑइल खायला लागलं म्हणून खोललेलं. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या. व्हॉल्व्ह घासून घेतलेले, नोझल तपासून आणलेलं. तरीही हँडल मारून मारून मालक आणि गडी घामाघूम झाले होते. शेवटी दुसऱ्या मिस्त्रींना निरोप गेला. त्यांनी पाना बाहेर काढायच्या आधी विचारलं, “सायलेन्सरमधून धूर येतोय का, अण्णा?”

“कशाचा धूर? नुसती हवा फेकतंय.”

एवढ्या उत्तराने निम्मी शोधाशोध वाचली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने ती 500 अंश सेल्सियसच्या वर तापते आणि नेमक्या वेळी नोझलमधून उडालेलं डिझेल आपसूक पेटतं. डिझेल आत जाऊन नीट पेटलं नाही तर पांढरा धूर येतो. धूरच नसेल तर बहुधा डिझेल आत पोचलेलंच नसतं.

म्हणून आधी डिझेलच्या पाइपातली एअर काढली. फिल्टरचा स्क्रू ढिला करताच फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड धार. तो आवळून इंजिनाच्या डिझेल-पंपाच्या स्क्रूवर तेच. पंपापर्यंत डिझेल होतं. पण नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट ढिला करून हँडल फिरवलं, तर थेंब नाही. मिस्त्रींनी पंप उतरवला, आत बॅटरी मारली आणि मालकाला जवळ बोलावलं. पंपातून किती डिझेल सुटायचं ते ठरवणाऱ्या रॅकची खुंटी गव्हर्नरच्या फाट्यात बसलेलीच नव्हती. रॅक ‘बंद’च्या बाजूला पडून होता. उलट बाजूला अडकला असता तर इंजिन चालूही झालं असतं, पण सुसाट पळालं असतं आणि कुणाला आवरलं नसतं.

खुंटी फाट्यात बसवून पंप परत चढवला, खालच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिमा, होत्या तशाच ठेवून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही, हा त्यांचा दंडक.

आता धूर आला. पांढराफट, डोळ्यांना झोंबणारा. इंजिन एकदा भकभकलं आणि गप्प झालं. मग दाब पाहिला. डिकॉम्प्रेशनचा खटका खाली टाकून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवलं, तर ते अडलं आणि चांगलं उलटं उसळलं. नव्या रिंगा अजून बसलेल्या नसतात म्हणून चमचाभर ऑइल आत सोडून पाहिलं. फारसा फरक नाही. टॅपेटच्या फटीत गेजची पट्टी बरोबर सरकली. राहिलं टायमिंग.

त्यासाठी पंपावरचा पाइप सोडवला. एकाने हँडल अगदी हळू फिरवायचं, दुसऱ्याने पंपाच्या तोंडाशी थांबलेल्या डिझेलवर नजर ठेवायची. ते जरा हललं की “थांब!” आणि लगेच फ्लायव्हीलची खूण बघायची. खूण केव्हाच पुढे निघून गेली होती. पंपाखाली जुन्या शिमा तर होत्याच, वर नव्या सामानाच्या किटमधलं पॅकिंगही घातलेलं होतं. त्या जाडीने पंप उचलला गेला, म्हणून प्लंजर डिझेल उशिरा दाबत होता. एक पातळ शिम काढली, खूण जुळली, आणि हँडलच्या पुढच्याच फेऱ्यात इंजिनाने ताल धरला.

चालतं इंजिन बंद पडलं तर झीज शोधावी लागते. बांधलेलं इंजिन चालू होत नसेल तर बांधणाऱ्याचे हात कुठे कुठे लागले ते शोधायचं. इथे दोन्ही खोड्या एकाच पंपाच्या नटांखाली निघाल्या. नवा लायनर, पिस्टन, रिंगा सगळं बिनदोष होतं. पहिली खोडी निघाल्याशिवाय दुसरी दिसलीही नसती, कारण धूर नाही तर धुराचा रंग कुठून कळणार?

मिस्त्रींनी लगेच पाणी उपसू दिलं नाही. इंजिन बिनलोड चालवून गरम केलं, बंद करून निवू दिलं, हेडचे नट पुन्हा ठरल्या क्रमाने आवळले, टॅपेट परत तपासले. पहिलं ऑइल लवकर बदलायला सांगितलं. काढलेली शिम तारेत ओवून मालकाच्या हातात देत म्हणाले, “पंप खोलला की खालच्या शिमा आधी मोजायच्या, अण्णा. किटात आलं म्हणून सगळंच घालायचं नसतं.”